गणपतीला रंगवलेली भिंत दिवाळीला सोलते, तेव्हा ठेकेदाराशी भांडण्याआधी

आमचं गावचं घर संगमेश्वर तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, बाहेरून सिमेंटचा गिलावा. आई तिथे असते, आम्ही डोंबिवलीला. २०२२ च्या गणपतीआधी घर बाहेरून रंगवून घेतलं. दिवाळीला गेलो तर पश्चिमेच्या भिंतीला फुगे, शिमग्यापर्यंत त्यांचे पोपडे. ठेकेदार गावातलाच, ओळखीचा. आला, हळहळला, आणि २०२३ च्या मे महिन्यात त्याच भिंतीला फुकटात एक हात मारून गेला. २०२४ चा पाऊस सरला तेव्हा तीच भिंत, तेच पोपडे, फक्त आता जाड झालेले. "दादा, या टायमाला भारीतला मारू, तुम्ही नुसतं मटेरियलचं बघा," असं तो म्हणाला तेव्हा मी म्हटलं, थांब. आधी हे का होतंय ते बघू.

वाडीतल्या आणखी तीन-चार घरांची हीच रड आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. रंगाच्या भांडणात घरमालक म्हणतो माल खराब, ठेकेदार म्हणतो पाऊस जास्त, आणि दुकानदार म्हणतो मारायला चुकला. या तिघांपैकी कोण खरं बोलतोय ते भिंतच सांगते. तिला विचारायचं कसं, एवढंच शिकायला मला दोन वर्षं लागली.

फुकटचा हात घेऊ नका

पहिली चूक माझी इथे झाली. ठेकेदार स्वतःहून एक हात मारून देतो म्हटल्यावर आपण खूश होतो, वाद मिटला असं वाटतं. पण खालचा थर सुटलेला असेल तर त्यावर मारलेला नवा रंग त्याच सुटलेल्या थराला धरतो, भिंतीला नाही. शिवाय रंग वाळताना आकसतो आणि खालचा कच्चा थर ओढून काढतो. म्हणून दुसऱ्या वेळचे पोपडे पहिल्यापेक्षा मोठे निघतात.

दुसरं नुकसान वादाचं. फुकटच्या हाताखाली पुरावा झाकला जातो. काय बिघडलं होतं, किती भागात, याची काही खूणच उरत नाही. आणि मधल्या काळात वर्ष निघून जातं, ज्याचा हिशोब पुढे लागतो. म्हणून मागणी करायची ती एकच: नवा हात नको, सुटलेलं सगळं पक्क्या थरापर्यंत खरवडून दे, मग बोलू. खरवडायला मजुरी लागते, दिवस लागतात, परांची बांधावी लागते. जो ठेकेदार रंगाला लगेच तयार होतो पण खरवडायला कां-कू करतो, त्याला दोष कुठे आहे ते ठाऊक असतं.

पोपड्याची पाठ बघा

पोपडा हाताने काढा, फोडू नका, आणि उलटा करून उजेडात धरा. तक्रारीतला सगळ्यात बोलका पुरावा हाच आहे आणि आपण तो झाडून केरात टाकतो.

पाठीवर पांढरी भुकटी असेल, बोट ओलं करून घासल्यावर तिची लापशी होत असेल, तर पुट्टी विरघळते आहे. बाहेरच्या भिंतीला आतल्या भिंतीची पुट्टी भरली की हेच होतं. आतली पुट्टी पावसाचं पाणी सोसायला बनवलेलीच नसते. ओल लागली की ती फुगते आणि वरचा रंग उचलते. पाठीवर कोरडी, जुनाट, पिठूळ भुकटी असेल तर ती जुन्या चुन्याची किंवा सिमेंट पेंटची असू शकते. म्हणजे जुना थर न काढता, न बांधता त्यावरच रंग मारला. हाताचा तळवा भिंतीवर घासून पांढरा होतो का बघितलं की तेही कळतं.

पाठीला वाळूचे कण चिकटून आले तर रंगाने गिलावा धरला होता, गिलावाच सुटला. तिथे रंगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. गिलावा कच्चा आहे किंवा आतून पाण्याने खाल्ला आहे. पाठ अगदी स्वच्छ, गुळगुळीत, जुन्या रंगाचीच छटा घेऊन आली तर खालचा तुकतुकीत रंग घासला नव्हता, किंवा त्यावर धूळ, शेवाळ, नाहीतर ओल होती. आणि पाठीवर साखरेसारखे बारीक खडे किंवा कापसासारखी फूल दिसली तर तो शोरा, म्हणजे भिंतीतून पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. शोरा दिसला की समजायचं, पाणी मागून येतंय.

आमच्या एकाच घरात यातले तीन प्रकार निघाले, आणि त्यामुळेच वाद इतका चिघळला. मी पश्चिमेची भिंत दाखवायचो, ठेकेदार मागची दाखवायचा. दोघंही आपापल्या भिंतीपुरते बरोबर होतो.

पश्चिमेच्या भिंतीवर चारही कोपऱ्यांत पाठ पांढरी आणि लापशीची निघाली. तरीही तो पुट्टी बाहेरचीच होती म्हणाला. मग आईने विचारलं, "ती मी कोंबड्यांच्या कोंड्याला घेतलीय ती बादली कसली होती?" बादली धुऊन बघितली तर तिच्यावर आतल्या भिंतींसाठी असं ठळक छापलेलं. काम चालू असताना रिकाम्या बादल्या, झाकणं, त्यांच्यावरचा बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख यांचे फोटो काढून ठेवावेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमचं काम कोंबड्यांमुळे निभावलं.

पाणी कुठून येतं

रंगाने गळती थांबत नाही. हे वाक्य पेंटरही म्हणतात, पण बहुतेक वेळा पैसे घेतल्यानंतर.

उत्तरेकडे न्हाणीघराच्या मागची भिंत आहे. तिथे पाठीला वाळू आणि शोरा दोन्ही होतं. मी तेही ठेकेदाराच्या माथी मारत होतो. आई म्हणाली, "ती भिंत चैत्रातसुद्धा फुगते रे." चैत्रात कोकणात पाऊस कुठला? म्हणजे पाणी नळाचं. प्लंबरला बोलावून टाइल काढली तर गरम पाण्याच्या पाइपाचा सांधा झिरपत होता. ओल कधी दिसते हा प्रश्न ओल कुठे दिसते इतकाच महत्त्वाचा आहे. भर उन्हाळ्यात दिसली तर नळ, टाकी, सांडपाणी. पाऊस पडल्यावर दोन दिवसांनी वरून खाली उतरत आली तर गच्ची किंवा पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा: दोघांच्या सांध्यातला सिमेंटचा गोल वाटा फुटला असेल, किंवा पॅरापेटच्या माथ्याला उतार नसेल आणि भेगेतून पाणी आत जात असेल. आणि जोत्यापासून अडीच-तीन फुटांपर्यंत पट्ट्यासारखी बारमाही दिसली तर ती जमिनीतून चढते. चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी शोषतो. जुन्या घरांना जोत्यावर ओल अडवणारा थर सहसा नसतो. अशा भिंतीला बाहेरून जाड प्लास्टिकसारखा रंग लावला की पाण्याला निघायला वाट उरत नाही, आणि ते रंग फोडून निघतं.

खात्री करायची साधी रीत आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा रुंद चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बंद करा आणि एक पूर्ण दिवस-रात्र तसंच ठेवा. काढताना आतल्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा प्लास्टिकखालची भिंत काळपट दिसली तर ओल भिंतीत आहे, रंगाला हात लावू नका. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असतील तर ते हवेतलं दव. ही चाचणी पावसाळ्यात करून उपयोग नाही, तेव्हा सगळीच भिंत ओली असते. आम्ही ती जानेवारीत केली.

दुसरी चाचणी रंग किती धरतोय त्याची. ब्लेडने भिंतीवर एक फुली मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचा तुकडा आला तर तो थर अजून न सुटलेला दिसला तरी कच्चाच आहे. भिंतीच्या वर, मध्ये, खाली अशी चार-पाच ठिकाणी करा आणि प्रत्येक वेळी पट्टी वहीत चिकटवून जागा लिहून ठेवा. ती वही नंतर माझ्या खूप कामी आली.

लिटरचा हिशोब

आमचं काम चौरस फुटाला २४ रुपये, मालासकट, २२ ब्रास (२,२०० चौरस फूट). म्हणजे ५२,८०० रुपये. बोली दोन हातांची.

आता बाहेरच्या भिंतीच्या इमल्शनचं माहितीपत्रक काढून बघा. एका लिटरमध्ये दोन हातांना किती चौरस फूट होतात ते त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या रंगाला गुळगुळीत पृष्ठभागावर ५० ते ६० होतं. आमचा गिलावा वाळूचा, खरखरीत, तिथे रंग जास्तच खाणार. तरी ५५ धरू. २,२०० चौरस फुटांना ४० लिटर. दुकानदाराच्या बिलावर होती २० लिटरची एक बादली आणि ४ लिटरचा एक डबा. चोवीस. उरलेले १६ लिटर पाण्यानेच भरून निघाले असणार, किंवा दुसरा हात फक्त समोरच्या, रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीला बसला असणार. ठेकेदार आधी म्हणाला "थोडं पाणी जास्त झालं असेल", आणि नंतर मागच्या दोन भिंतींना एकच हात होता हे कबूल केलं. मी आवाज चढवला नव्हता. बिल पुढे ठेवलं होतं फक्त.

हे गणित काम चालू असतानाच करायचं असतं. परांची उतरवल्यावर करून काय मिळतं, तर कबुली.

आणि मग त्याने मला माझाच मेसेज ऐकवला

आता माझी बाजू. पुट्टी आणि लिटर दोन्ही त्याच्याकडे निघाल्यावर मी जरा ताठ बसलो होतो. त्याने मोबाइल काढला आणि २०२२ च्या ऑगस्टमधला माझा व्हॉइस मेसेज लावला: "काहीही करून गणपतीआधी संपव, भाऊ. पाहुणे यायचेत." त्याच्या आधीचा त्याचा मेसेजही होता, "भिंत सुकाया पायजे, आठ दिस उघडीप पायजे." मला तो आठवत नव्हता. म्हणजे सोयीस्करपणे आठवत नव्हता.

कोकणात हे सगळ्यांचंच आहे. गणपतीला घर रंगवलेलं हवं, आणि गणपती येतात भाद्रपदात, जेव्हा भिंतींनी अडीच-तीन महिने नैऋत्येची झड खाल्लेली असते. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे, भिंत झाकायचे. आता आपण झापं काढली आणि त्यांचं काम रंगावर सोपवलं. दोन सरींच्या मधल्या उन्हात मारलेला रंग वरून वाळतो, आत पाणी तसंच. मग ऑक्टोबरचं ऊन लागलं की आतलं पाणी बाहेर यायला बघतं आणि फुगे धरतात. दिवाळीला सोलणारी भिंत बऱ्याचदा गणपतीला रंगवलेली असते ती यामुळे.

तेव्हा हिशोब असा मांडला. आतली पुट्टी आणि कमी माल ही त्याची चूक. घाई माझी. पाइप माझा. जोत्याची ओल कुणाचीच नाही, पण ती दिसत असताना त्यावर रंग मारण्याआधी सांगणं त्याचं काम होतं. इतकं सरळ मांडल्यावर बोलणं सोपं झालं. सगळंच त्याच्या गळ्यात घालत होतो तोवर तो फोनही उचलत नव्हता.

कागद

आमच्यात लेखी करार नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर दर, दोन हात, रंगाचं नाव आणि मी पाठवलेले ४५,००० रुपये, एवढं होतं. ते पुरेसं ठरलं, कारण ७,८०० रुपये मी अडवून ठेवले होते. पुढच्या कामाला मी अडवायची रक्कम वाढवणार आहे. निदान पाचवा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचा आणि हे काम सुरू होण्याआधीच लिहून घ्यायचं, नंतर नाही.

कंपनीच्या वॉरंटीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. डब्यावर इतक्या वर्षांची हमी लिहिली की आपण निर्धास्त. ती हमी अटींवर असते: अस्तरापासून (प्रायमरपासून) शेवटच्या हातापर्यंत सांगितलेल्या पद्धतीने काम झालेलं हवं, बिल हवं, काही योजनांत आधी नोंदणी हवी. गळती, जमिनीची ओल आणि भेगा यांतून आलेला दोष त्यात सहसा धरत नाहीत. तरीही बॅच क्रमांकासह लेखी तक्रार करा. कंपनीचा माणूस येऊन भिंत बघून गेला तर त्याचं लेखी निरीक्षण आपल्या उपयोगाचं असतं, मग ते कंपनीच्या बाजूचं का असेना.

ठेकेदार दादच देत नसेल तर पुढची पायरी नोटीस. एका पानात काम, तारीख, रक्कम, दोष, फोटो आणि आपली मागणी, पंधरा दिवसांची मुदत. पोस्टाने पाठवून पोच जपा. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यातली आमच्यासारख्यांच्या सोयीची गोष्ट म्हणजे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. काम रत्नागिरी जिल्ह्यातलं, तरी मी ठाण्यात करू शकलो असतो. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. आधी नुसतं विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

पण दोन गोष्टींवर नजर ठेवा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करावी लागते. "पावसानंतर बघू, दिवाळीनंतर बघू" यात ती दोन वर्षं कधी सरतात कळत नाही. माझी सरतच आली होती. दुसरं, घर होमस्टेला देत असाल तर समोरचा म्हणणार की हे व्यापारी कामासाठी होतं, तुम्ही ग्राहकच नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवता ते दाखवता आलं तर कायद्यात त्याला वाट आहे, पण तो वाद अंगावर येतो एवढं धरून चाला. आणि आयोगासमोर "बघा, सोलतंय" एवढ्यावर भागत नाही. स्थापत्य अभियंत्याकडून भिंत तपासून लेखी अहवाल घ्या, त्यात कारण लिहिलेलं असू द्या. आमच्या भागातला अभियंता अर्ध्या दिवसात करून गेला. तो अहवाल मी ठेकेदाराला नुसता वाचायला दिला. आयोगापर्यंत जावं लागलं नाही.

शेवटी काम कसं केलं

ठरलं ते दोघांनी सही करून लिहिलं: पश्चिमेच्या भिंतीची खरवड, अस्तर आणि दोन हात यांची मजुरी त्याची. माल मी थेट दुकानातून आणायचा, बिल माझ्या नावाचं. पाइप, पॅरापेट, जोतं माझ्या खर्चाने. अडवलेले ७,८०० पुढच्या दिवाळीला भिंत बघून द्यायचे.

पाइप २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बदलला आणि मग काहीच केलं नाही. भिंत सुकू दिली. हे सगळ्यात अवघड होतं, कारण सोललेली भिंत घेऊन दोन महिने बसावं लागतं आणि येणारा-जाणारा विचारतो. जानेवारीच्या शेवटी प्लास्टिकची चाचणी दोन ठिकाणी कोरडी आली, तेव्हा पत्र्याने पुट्टीचा सगळा थर गिलाव्यापर्यंत काढला. शोरा असलेल्या जागी आधी कोरड्या ब्रशने झाडलं. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत भिंतीत जातो. शेवाळाच्या जागा औषध मारून, घासून, धुऊन पुन्हा सुकवल्या. पुट्टी पूर्ण भिंतीला भरलीच नाही. वाळूच्या गिलाव्याला तिची गरजही नव्हती. भेगा तेवढ्या बाहेरच्या फिलरने भरल्या. क्षार सोसणारं अस्तर एक हात, मग रंगाचे दोन, आणि डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, मापाने. मी दोन दिवस रजा घेऊन खुर्ची टाकून बसलो होतो. त्याला ते आवडलं नाही, पण मोजपात्र त्यानेच मागून घेतलं.

जोत्याचा गिलावा तीन फुटांपर्यंत काढून टाकला आणि चिरा उघडाच ठेवला, फक्त चिऱ्यांमधल्या फटी भरल्या. आईला तो जुन्या घरासारखा दिसतो म्हणून आवडला. ओल अजून चढते, पण आता फुगायला वर काही नाही.

यंदाचा पाऊस झाला. पश्चिमेची भिंत धरून आहे. फक्त एका खिडकीखाली तळहाताएवढा फुगा आलाय. तिच्यावरच्या छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नाही, त्यामुळे पाणी मागे वळून भिंतीवर येतं. अभियंत्याच्या अहवालात ते होतं, माझ्याकडून राहून गेलं. ठेकेदार गौरी-गणपतीत दर्शनाला आला, प्रसाद घेतला आणि बाहेर जाऊन ती जागा बोटाने दाबून बघितली. मी म्हटलं, एवढं आत्ताच करून टाक ना, पाहुणे आहेत घरात. तो चप्पल घालत म्हणाला, "भिंत वली हाय दादा. दिवाळी होऊ दे."